पंचाहत्तरचे नव्वद: छोट्या डिझेल गाडीचं रीमॅपिंग परवडतं का?



आजचा विषय मी निवडलेला नाही, तुम्ही माझ्यावर लादलेला आहे. इंदूरहून, बडोद्याहून, हैदराबादहून, अगदी रायपूरहूनसुद्धा गेले काही महिने एकच प्रश्न येतोय. शब्द थोडे इकडेतिकडे, पण मतलब हा: "माझ्याकडे दहा-बारा वर्षं जुनी छोटी डिझेल गाडी आहे. गाडी चांगली आहे, विकायची नाही. पण पिकअप कमी वाटतो. एक जण म्हणतो, बावीस हजारांत रीमॅप करून देतो. पंचाहत्तरचे नव्वद हॉर्सपॉवर होतील, वर अ‍ॅव्हरेजही वाढेल. करू का?"

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे होतील. बहुतेकांनी करू नये. पण "इंजिन बसेल", "पिस्टन वितळेल" असलं काही तुमच्या मेव्हण्याने सांगितलं असेल तर ते कारण नाही. कारण वेगळं आहे आणि ते मी स्वतःचे पैसे घालवून शिकलोय. म्हणून जरा सविस्तर बोलतो.

आधी कुठल्या इंजिनाबद्दल बोलतोय ते ठरवू. छोटी डिझेल म्हटलं की आपल्या देशात बऱ्याचदा तेच एक इंजिन निघतं: फियाटचं १.३ मल्टीजेट, १२४८ सीसी. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट म्हटलं, फियाटने मल्टीजेटच ठेवलं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया, एर्टिगा, सियाझ, सगळ्यांच्या पोटात तेच. गाड्यांवर लिहिणारी मंडळी त्याला गंमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. पुण्याजवळ रांजणगावला ते बनायचं, हरियाणात मानेसरला बनायचं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि मारुतीने डिझेलच बंद केलं. त्यामुळे आज रस्त्यावर दिसणारं यातलं प्रत्येक इंजिन किमान पाच-सहा वर्षं जुनं आहे, आणि बरीचशी दहाच्या पुढची. हे वय लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता रीमॅप म्हणजे काय? पुष्कळांना वाटतं की एक 'पॉवर' नावाचा आकडा असतो आणि लॅपटॉप लावून तो वाढवतात. तसं नाही.

पेट्रोल गाडीत तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता तेव्हा मुख्यतः हवेचं दार उघडता. डिझेलमध्ये हवा जवळजवळ पूर्ण येतच असते. तुम्ही पाय दाबून फक्त मागणी नोंदवता. ती मागणी ईसीयूकडे, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरकडे जाते, आणि किती डिझेल द्यायचं ते तो ठरवतो. कसं ठरवतो? त्याच्याकडे कोष्टकं असतात. आपण शाळेत पाढ्यांचा तक्ता पाहायचो ना, उभ्या ओळीत एक आकडा, आडव्या ओळीत दुसरा, जिथे भेटतील तिथे उत्तर. अगदी तसंच. पाय इतका दाबलाय, इंजिन इतक्या आरपीएमवर आहे, तर मागणी इतकी. हवा इतकी आलीय, तर जास्तीत जास्त डिझेल इतकं, नाहीतर धूर होईल. टर्बोने किती दाब करायचा, इंधनाच्या रेलमध्ये किती दाब ठेवायचा, पिस्टन वर येण्याच्या किती आधी फवारा सुरू करायचा, फवारा किती वेळ चालू ठेवायचा. या प्रत्येकाचा वेगळा तक्ता. आणि वर एक शेवटची मर्यादा: काहीही झालं तरी टॉर्क याच्यापुढे जाऊ द्यायचा नाही. २००० आरपीएमला एका सिलिंडरमध्ये मिनिटाला हजार वेळा हा हिशेब होतो.

या तक्त्यांतले आकडे बदलणं म्हणजे रीमॅपिंग. एवढंच. नट-बोल्ट कशालाही हात लागत नाही.

मग कंपनीनेच जास्तीचे आकडे का नाही टाकले? ती काही मूर्ख नाही. तिला एकच गाडी बिकानेरच्या उन्हात चालवायची आहे, मनालीच्या चढावर चालवायची आहे, आणि जो गिऱ्हाईक एअर फिल्टर तीन वर्षं बदलत नाही त्याच्याही हातात द्यायची आहे. प्रदूषणाच्या मर्यादेत बसवायची आहे. क्लचप्लेट वॉरंटीत जळू नये हे बघायचं आहे. म्हणून ती हातचं राखून ठेवते. रीमॅप करणारा ती राखीव उधळतो. उधळणं हा शब्द कडक वाटेल, पण राखीव कशासाठी होती हे माहीत असेल तर थोडी वापरायला हरकत नाही, असंही मी म्हणेन.

इथे एक युक्तिवाद नेहमी ऐकायला मिळतो आणि तो ऐकायला फार पटतो. "अहो, हेच इंजिन एर्टिगात नव्वद हॉर्सपॉवर देतं. कंपनीनेच स्विफ्टमध्ये दाबून पंचाहत्तर केलंय. आम्ही फक्त दाबलेलं सोडतो." अर्धं खरं आहे. सीसी तेवढीच आहे. पण नव्वदवाल्यात टर्बो वेगळा आहे. पंचाहत्तरवाल्यात साधा टर्बो, ज्याची पाती जागची हलत नाहीत. नव्वदवाल्यात व्हेरिएबल जॉमेट्रीचा. कमी आरपीएमला त्याची वाट अरुंद होते, म्हणून धूर कमी असला तरी जोराने पंख्यावर जातो आणि टर्बो लवकर जागा होतो. म्हणून स्विफ्टचा १९० न्यूटन-मीटर टॉर्क २००० आरपीएमला मिळतो, आणि एर्टिगाचा २०० हा १७५०लाच. आता तुम्ही सांगा, लॅपटॉप लावून टर्बोची पाती बदलतील का?

आणि हाच नेमका तुमचा त्रास असतो. या इंजिनाची गाडी चालवलेल्या प्रत्येकाला ती जागा माहीत आहे. स्पीडब्रेकरवरून दुसऱ्या गिअरमध्ये निघालात, १५०० आरपीएम, पाय दाबला आणि काहीच होत नाही. मग १९००-२००० आलं की मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखी गाडी सुटते. त्या पहिल्या भागात टर्बो फिरायला पुरेसा धूरच नसतो. रीमॅपने तिथे थोडा फरक पडतो, पण थोडाच. खरा फरक पडतो २०००च्या पुढे. आकड्यांत सांगायचं तर १९० न्यूटन-मीटर २००० आरपीएमला म्हणजे त्या क्षणी साधारण ५४ हॉर्सपॉवर. तोच टॉर्क २३० केला तर ६५. हा फरक खरा आहे, ट्रक ओलांडताना जाणवतो. हे मी नाकारत नाही. पण सिग्नलवरून निघतानाची तुमची तक्रार ही नव्हतीच.

आता माझी गोष्ट. मी बेळगावचा. आमचं गोव्याला जाणं-येणं चोर्ल्याच्या घाटातून. माझी गाडी २०१३ची, याच इंजिनाची. नाव घेत नाही, कारण पुढे जे झालं त्यात गाडीच्या कंपनीचा काही दोष नाही. २०१८ साली एक लाख दहा हजार किलोमीटर झाले होते. मला वाटायला लागलं की गाडी पूर्वीसारखी खेचत नाही. वय झालं असेल म्हटलं. तेवढ्यात एका मोठ्या शहरातल्या रीमॅपवाल्याची माहिती मिळाली. गेलो. दुकान चकाचक, भिंतीवर आलेख, आलेखात लाल रेघ निळ्या रेघेच्या वर. दोन तास लागले. बावीस हजार दिले. त्याने माझी गाडी एकदाही चालवून पाहिली नाही, हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही.

परतीच्या हायवेवर मी लहान मुलासारखा हसत होतो. चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की गाडी निघायची. घरी येऊन बायकोला फेरी मारून आणली. ती म्हणाली, "आवाज जास्त येतोय का रे?" मी म्हटलं, "ताकद आहे ती."

चार महिन्यांनी गोव्याहून येत होतो. गाडीत पाच माणसं, डिकीत सामान, मे महिना. केरी सोडली आणि घाट सुरू झाला. तिसऱ्या चढावर आरपीएमचा काटा वर गेला आणि गाडी तिथेच. पुन्हा पाय दाबला, काटा वर, गाडी नाही. मग तो वास. ज्यांनी जळकी क्लचप्लेट एकदा हुंगली आहे त्यांना सांगायला नको. वळणावर गाडी कडेला घेतली, दगड लावला, मागे आई बसलेली, तिला उतरवून झाडाखाली बसवलं. अर्ध्या तासाने पहिल्या गिअरमध्ये, पाय अगदी हलका ठेवून, कणकुंबीपर्यंत कसेबसे आलो. जांबोटी, मग बेळगाव. त्या रात्री झोप लागली नाही. पैशांमुळे नाही. त्या वळणावर मागून ट्रक आला असता तर, हे डोक्यातून जात नव्हतं.

त्याच आठवड्यात पीयूसी संपत होतं. डिझेलला धुराची घनता मोजतात. बीएस-४ला मर्यादा ५०, त्याआधीच्या गाड्यांना ६५. माझी गाडी बीएस-४. मशीनवर आकडा आला ५८. पीयूसीवाला पोरगा म्हणाला, "काका, काय टाकलंय हिच्यात?"

आमचे गॅरेजवाले मिस्त्री गेली पंचवीस वर्षं डिझेल गाड्या बघतात. त्यांनी क्लच खाली उतरवायच्या आधी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून मला पाय दाबायला सांगितला आणि कान लावून ऐकत बसले. मग टर्बोकडून इंजिनकडे हवा नेणारा रबरी पाइप हातात धरून वाकवला. खालच्या बाजूला, जिथे डोळा पोहोचत नाही, तिथे बोटभर चीर. तेलाचा ओशटपणा भोवती. "ही आजची नाही," ते म्हणाले. "वर्ष-दीड वर्षं तरी झालं असेल."

आता नीट ऐका, कारण माझ्या मते सगळा विषय या चिरेत आहे. हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरच्या लगेच पुढे असतो. त्याच्यानंतर टर्बो, मग तो पाइप, मग इंजिन. म्हणजे कॉम्प्युटर मोजतो शंभर भाग हवा, पण वाटेत पंधरा भाग चिरेतून निसटतात. डिझेल मात्र शंभराच्या हिशेबाने दिलं जातं. ताकद कमी, धूर जास्त. शिवाय हवेचा दाब पुरेसा होत नाही म्हणून टर्बोला जास्त वेगाने फिरायला लावलं जातं. गाडी खेचत नव्हती ती यामुळे, वयामुळे नाही. आणि मी काय केलं? या आजारी गाडीला, हवा गळत असताना, आणखी डिझेल देण्याची परवानगी विकत घेतली. बावीस हजारांना.

पाइप बदलला. ईजीआर व्हॉल्व्ह काढला तर आत काजळीचा थर, शेवाळासारखा. तो साफ केला. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर नवे. हे सगळं सहा हजारांच्या आत. क्लचचे बारा हजार वेगळे. आणि मूळ मॅप परत टाकायचं ठरवलं. त्यासाठी पुन्हा त्या शहरात गेलो तर तो म्हणतो, तुमची मूळ फाइल सापडत नाही. दोन आठवडे फोन केल्यावर सापडली. तुम्ही कधी हे केलंच, तर पैसे देण्याआधी मूळ फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. ती तुमची आहे.

मी घड्याळ लावून मोजायच्या सवयीचा माणूस आहे, म्हणून माझ्याकडे आकडे आहेत. एकच सपाट रस्ता, चौथा गिअर, गाडीत दोघे, ताशी ६० ते १००. रीमॅपच्या आधी, आजारी असताना: १४ सेकंद. रीमॅपनंतर, तरीही आजारी: साडेअकरा. दुरुस्ती करून, मूळ कंपनीच्या मॅपवर: १२. म्हणजे बावीस हजारांनी जे मिळवलं होतं त्यातलं बहुतेक सगळं सहा हजारांत, कायदेशीर, धुराशिवाय मिळत होतं. पुढच्या पीयूसीला आकडा आला २४.

एका गाडीवरून नियम काढू नये, मान्य. पण आपल्या देशात या इंजिनाची जी गाडी रीमॅपच्या दुकानात जाते ती जुनी असते, आणि "पूर्वीसारखी खेचत नाही" म्हणूनच जाते. पूर्वी खेचत होती ना? तेव्हाही मॅप हाच होता. मॅप वयाने झिजत नाही. झिजतात पाइप, नोझल, फिल्टर, क्लच. मग उपाय मॅपमध्ये कसा असेल?

मोजण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. अ‍ॅक्सिलरेटरचाही एक तक्ता असतो हे मघाशी म्हटलं. काही दुकानदार फक्त तोच बदलतात. पाय तीस टक्के दाबला की कॉम्प्युटरला पन्नास टक्के दाबल्यासारखं दिसतं. गाडी एकदम चपळ वाटते, माणूस खूश. ताकद होती तेवढीच. त्यामुळे फरक मोजायचा तर पाय पूर्ण दाबून मोजा. पूर्ण दाबल्यावर दोन्हीकडे शंभर म्हणजे शंभर. तिथे ही चलाखी चालत नाही. आधी मोजा, नंतर मोजा, त्याच रस्त्यावर, तेवढीच माणसं घेऊन. जो दुकानदार आधी मोजूच देत नाही त्याच्याकडून उठा.

आता अ‍ॅव्हरेज. याने माणसं सगळ्यात जास्त फसतात, कारण बायकोला सांगायला ते कारण बरं पडतं. हसू नका, मीही तेच सांगितलं होतं.

छोटी गाडी सपाट रस्त्यावर ताशी ८० च्या वेगाने ठेवायला किती ताकद लागते? हवेचा विरोध आणि टायरचा विरोध धरून जेमतेम दहा-बारा हॉर्सपॉवर. शंभरला अठराच्या आसपास. ती पंचाहत्तरच्या इंजिनातून घ्या की नव्वदच्या, तेवढीच लागते. आणि त्या हलक्या कामात हे इंजिन आधीच काटकसरीने चालत असतं; कंपनीने अ‍ॅव्हरेजवरच तर गाडी विकली. फवारा थोडा आधी सुरू करून काही टक्के मिळवता येतात, पण त्याबरोबर नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात, आणि कंपनीने ते तिथे का ठेवलं होतं ते कळतं. बाकी जे वाढतं ते चालकामुळे: ताकद जास्त म्हणून तो वरचा गिअर लवकर टाकतो. तो तुम्ही आजही टाकू शकता.

बरं, दहा टक्के वाढलं असं धरू. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर, लिटरला १८. म्हणजे ८३३ लिटर. १९.८ झालं तर ७५८. पंचाहत्तर लिटर वाचले. लिटरला नव्वद रुपये धरले तर पावणेसात हजार. बावीस हजार वसूल व्हायला सव्वातीन वर्षं. पाच टक्के धरले तर सहा वर्षांच्या वर. आणि मधे क्लच गेला की हिशेबाची वही बंद.

"पण माझ्या डिस्प्लेवर एकवीस दाखवतंय!" माझ्याही दाखवत होतं. टाकी फुल करून मोजलं, सहा वेळा, तर निघालं १८.४. रीमॅपच्या आधी १८ होतं. डिस्प्ले डिझेल मोजत नाही. कॉम्प्युटरने किती द्यायला सांगितलं त्याचा हिशेब मांडतो. फवारा किती वेळ उघडा ठेवायचा हाच तक्ता बदलला, तर सांगितलं एक आणि गेलं भलतंच. टाकी फुल ते टाकी फुल, तोच पंप, तेच नोझल, पहिल्या 'टक'ला थांबायचं. दुसरं कुठलंही मोजमाप मानू नका.

याच कारणाने ते बाहेरून लावायचे डबे मला मुळीच पसंत नाहीत. ट्यूनिंग बॉक्स म्हणतात. स्वस्त असतात, पाच-सात हजारांतही मिळतात. तो डबा रेलच्या दाबाच्या सेन्सरमध्ये बसतो आणि कॉम्प्युटरला खोटं सांगतो की दाब कमी आहे. बिचारा कॉम्प्युटर दाब वाढवतो. पंप, नोझल, सगळ्यांवर ताण, आणि ज्याच्या हातात कारभार आहे त्याला पत्ताच नाही. रीमॅपमध्ये निदान कारभाऱ्याला खरं काय ते माहीत असतं.

कायद्याकडे येतो. मी वकील नाही, पण एवढं वाचलंय. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीत शिक्षाही आली: परवानगीशिवायच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रस्त्यावरचा पोलीस लॅपटॉप लावून तुमचा मॅप वाचणार नाही, हे सगळ्यांना माहीत आहे आणि दुकानदार तेच सांगतो. पण पीयूसी मशीन वाचतं. आणि मोठा अपघात झाला, माणूस दगावला, विमा कंपनीने तपास लावला, तर प्रश्न विचारला जातो की गाडीत केलेला बदल तुम्ही कळवला होता का. दुकानात या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

नुसते आकडे बदलल्याने धूर किती बदलतो याचं जगातलं मोठं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. २०१५ साली फोक्सवॅगनचं प्रकरण अमेरिकेत उघडकीला आलं. तिथेही नट-बोल्टचा प्रश्न नव्हता, सॉफ्टवेअरचा होता. चाचणीच्या वेळी एक वागणूक, रस्त्यावर दुसरी. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयने तपासणी केली आणि त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीने भारतात सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. तेव्हा आपण सगळे कंपनीला शिव्या घालत होतो. आणि गल्लीतला माणूस ईजीआर बंद करून देतो म्हणतो तेव्हा त्याला पैसे देतो. तो धूर शाळेसमोरच सुटतो, दुसरीकडे कुठे जात नाही.

ज्यांच्याकडे बीएस-६ डिझेल आहे त्यांना तर मी सरळ नको म्हणेन. तिथे काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ. जास्त डिझेल म्हणजे जास्त काजळी, म्हणजे फिल्टर लवकर भरणार. मग तोच दुकानदार म्हणणार, फिल्टर काढून टाकू. तिथे थांबा.

दिल्ली, गुरगाव, नोएडाकडच्या मंडळींना वेगळंच सांगतो. दहा वर्षांवरच्या डिझेलवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि अंमलबजावणीचं मागेपुढे अजून चाललंच आहे. ज्या गाडीचं उद्या काय होणार ते न्यायालयात ठरतंय तिच्यावर बावीस हजार घालू नका. टायर बदला फार तर.

मग कुणी करावं? कुणीच नाही असं मी म्हणणार नाही. नेहमी हायवेवर किंवा घाटात असणारा, गाडी अजून पाच-सहा वर्षं ठेवणारच असलेला, वॉरंटी संपलेला, विमा कंपनीला कळवायची तयारी असलेला माणूस, आणि मुख्य म्हणजे ज्याची गाडी आधीच ठणठणीत आहे. आता ठणठणीत आहे हे कसं कळणार? क्लच बघायचा तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये २००० आरपीएमला पाय पूर्ण दाबा. काटा उडी मारून वर गेला आणि वेग मागे राहिला, तर क्लच संपत आलाय. त्याच्यावर आणखी टॉर्क लादू नका. हवेचे पाइप मिस्त्रींकडून हात फिरवून बघून घ्या. ईजीआर साफ करा. नोझल परत पाठवत असलेलं डिझेल मोजून घ्या, कुठलाही डिझेल पंपवाला अर्ध्या तासात करतो. टर्बोची दांडी हलते का बघा. मग ६० ते १०० मोजा.

एवढं केल्यावर किती जणांना रीमॅप लागतंय असं वाटतं? मी ज्यांना ज्यांना हे करायला लावलं त्यांतले बहुतेक दुरुस्तीनंतर थांबले. दोघे थांबले नाहीत. त्यांतला एक हुबळीचा, महिन्याला चार हजार किलोमीटर फिरतो, औषधं विकतो. त्याने नवा क्लच टाकून मग माफक रीमॅप केलं, टॉर्क २१५ च्या पुढे जाऊ दिला नाही, धुराची मर्यादा जशीच्या तशी ठेवायला लावली. ती गाडी व्यवस्थित चालली आहे आणि तो आनंदात आहे. मी त्याच्याशी वाद घालत नाही.

माझी गाडी अजून आहे. एक लाख ब्याण्णव हजार झाले. गेल्या रविवारी चोर्ल्यातूनच आलो, आई मागे बसली होती. त्या वळणाशी आलो तेव्हा तिने विचारलं, "हेच ना ते झाड?" मी दुसरा गिअर टाकला, २२०० आरपीएम, आणि वर आलो.